गिळायची दुर्बीण

घास खाली उतरेनासा झाला, छातीत सारखे जळजळू लागले, की आमच्या वऱ्हाडात जाणती माणसे सांगतात, "अकोल्याला जाऊन दुर्बीण टाकून घ्या." शब्द मोठा गमतीचा आहे. दुर्बीण हे दूरचे पाहण्याचे साधन, आणि इथे पाहायचे असते ते गळ्याच्या खाली जेमतेम वीतभर! पण लोकांनी शब्द चुकवला, असे मला वाटत नाही. पावणेचार लाख किलोमीटरहून दूर असलेल्या चंद्रावरची विवरे लहानशा दुर्बिणीतून शाळकरी मुलालाही दिसतात. स्वतःच्या छातीच्या मध्यभागी असलेली अन्ननलिका मात्र माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जिवंतपणी कधी पाहता आली नव्हती. तिथे पोचायला चंद्रापेक्षा वेगळी, पण तितकीच अवघड दुर्बीण लागली. ही दुर्बीण आता जांभळाएवढी झाली असून ती दोऱ्याला बांधून पाण्याच्या घोटाबरोबर गिळता येते. तिच्यामागचे भौतिकशास्त्र आणि ती खेड्यातल्या दवाखान्यात यायची असेल तर काय काय व्हावे लागेल, हा आजचा विषय.

प्रथम अन्ननलिकेची थोडी ओळख करून घेऊ. ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. एरवी ती चपटी, मिटलेली असते. घास आला की तिच्या स्नायूंची एक लाट वरून खाली जाते आणि सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर वेगाने घासाला जठरात ढकलते. गुरुत्वाकर्षणाची तिला फारशी गरज नसते. शीर्षासन करूनही माणूस पाणी पिऊ शकतो, तो याच लाटेमुळे. आतून तिला चपट्या पेशींचे, कौलांसारखे थरावर थर रचलेले अस्तर असते. हे अस्तर सुमारे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि या लेखातील सारी गोष्ट या अर्ध्या मिलिमीटरात घडते.

अन्ननलिकेचा कर्करोग या अस्तरात सुरू होतो. सुरुवातीला तो दुखत नाही, खुपत नाही. नळी ताणली जाणारी असल्यामुळे घासही बिनबोभाट जात राहतो. नळीची आतली वाट सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली, म्हणजे मग भाकरीचा कोरडा तुकडा अडकू लागतो. अशा वेळी आपला शेतकरी काय करतो? भाकरी दुधात कुस्करून खातो. पुढे वरणभात, मग नुसती पेज. प्रत्येक टप्प्यावर त्याची सोय होत जाते आणि महिने निघून जातात. सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर जाऊ, तूर निघाल्यावर जाऊ, असे म्हणत तो दवाखान्यात पोचतो तेव्हा रोग अस्तर ओलांडून स्नायूंत, कधी त्याही पलीकडे गेलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेला अंदाज पाहा. भारतात त्या वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ६६ हजार मृत्यू. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते लक्षात घ्या. रोग उशिरा सापडतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

तोंडाच्या कर्करोगाचे तसे नाही. तो अधिक लोकांना होतो, पण टॉर्च आणि लाकडी पट्टी घेतलेली आरोग्यसेविकासुद्धा गालाच्या आतला पांढरा चट्टा ओळखू शकते. म्हणूनच तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारने जी कर्करोग तपासणी आखली आहे, तिच्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे. अन्ननलिका त्यात नाही. टॉर्चचा उजेड पडजिभेपाशी संपतो.

तलवार गिळणारा आणि काचेचा धागा

१८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडॉल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी एक युक्ती केली. जत्रेत तलवार गिळून दाखवणाऱ्या माणसाला त्यांनी बोलावले आणि तलवारीऐवजी सरळ धातूची नळी गिळायला लावली. नळी गेली, पण आत पुरेसा उजेड काही पोचेना. शिवाय सगळे रुग्ण काही डोंबारी नसतात. नळी वाकली पाहिजे आणि प्रकाशही तिच्याबरोबर वाकला पाहिजे, अशी अडचण होती; आणि प्रकाश तर सरळ रेषेत जातो, असे आपण सातवीपासून शिकतो.

ही अडचण सोडवण्यात मोठा वाटा उचलणारे शास्त्रज्ञ भारतीय होते. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म १९२६ मध्ये पंजाबातील मोगा येथे झाला. लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी काचेच्या हजारो बारीक धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. त्यांचा निबंध १९५४ च्या जानेवारीत 'नेचर' या साप्ताहिकात आला. तत्त्व दहावी-बारावीच्या पुस्तकातलेच आहे : पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेतून हवेकडे जाणारा किरण फार तिरका असला, तर तो बाहेर पडतच नाही. पुन्हा आत वळतो. धागा वाकवा, किरण भिंतींवर आपटत आपटत धाग्याबरोबर वळत जातो.

पण उघडे धागे एकमेकांना चिकटले की एकातला प्रकाश दुसऱ्यात गळतो आणि चित्र बिघडते. यावर नामी उपाय १९५६ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस यांनी केला. ते तेव्हा पदवीचे विद्यार्थीच होते. जास्त अपवर्तनांकाच्या काचेची कांडी त्यांनी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत घातली, दोन्ही एकत्र वितळवून त्यांचा धागा ओढला, आणि प्रत्येक धाग्याला स्वतःचे काचेचे आवरण मिळाले. १९५७ मध्ये त्यांचे सहकारी डॉ. बेझिल हिर्शोविट्झ यांनी या धाग्यांची दुर्बीण आधी स्वतःच्याच घशात उतरवून पाहिली! आजच्या दुर्बिणीत काचधाग्यांच्या जुडीऐवजी टोकाशी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा असतो, इतकाच मोठा फरक.

ही दुर्बीण उत्तम आहे. तिला तोड नाही. संशय आला तर लगेच चिमटीने तुकडाही काढता येतो. परंतु तिच्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर लागतो, घसा बधिर करावा लागतो किंवा गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि प्रत्येक रुग्णानंतर ती काळजीपूर्वक निर्जंतुक करावी लागते. ज्याला त्रास होतो आहे त्याच्यासाठी हे सारे ठीक. ज्याला अजून काहीच होत नाही, अशा हजार माणसांना दुर्बीण घालायची म्हटले तर? हजार जण आधी तयार झाले पाहिजेत.

गोळीतला कॅमेरा

इस्राएलमधले अभियंते गॅव्ह्रिएल इदान क्षेपणास्त्रांच्या टोकाशी बसवायच्या कॅमेऱ्यांवर काम करत. असा कॅमेरा लहान करून पोटात सोडला तर, असे त्यांच्या मनात आले. २००० साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत या गोळीला परवानगी मिळाली. ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब गोळीत दिवे, कॅमेरा, बॅटरी आणि रेडिओ प्रक्षेपक असे चौघेही बसवले होते. सेकंदाला दोन चित्रे, आठ तास. गुणाकार करा : ५७,६०० चित्रे! वीस फूट लांबीच्या लहान आतड्यात ही गोळी सावकाश सरकत जाते. तिथे दुर्बीण पोचतच नसल्यामुळे डॉक्टरांना तिचे मोठे अप्रूप वाटले.

अन्ननलिकेत मात्र ती फसली. का, ते तुम्हीच काढा. लाटेचा वेग सेकंदाला साडेतीन सेंटीमीटर धरला, तर २५ सेंटीमीटर अंतर सात-आठ सेकंदांत संपते. सेकंदाला दोन चित्रे म्हणजे सगळी मिळून पंधरा. त्यांतली काही थुंकीच्या बुडबुड्यांची. २००४ मध्ये दोन्ही टोकांना कॅमेरे असलेली, सेकंदाला १४ चित्रे घेणारी खास गोळी आली. रुग्णाला आडवे करून ती गिळायला देत, म्हणजे जरा रेंगाळेल. तरीही गाडी सुटली ती सुटलीच. जिथे शंका आली तिथे मागे वळून पुन्हा पाहण्याची सोय नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात अगदी साधी कल्पना आली : गोळीला दोरा बांधा. विहिरीत पोहरा सोडतो तशी ती सोडायची, हवी तिथे थांबवायची, पुन्हा वर ओढायची. आणि दोरा आहेच, तर बॅटरी आणि रेडिओ आत कशाला? प्रकाश दोऱ्यातूनच आत पाठवता येईल, आणि दोऱ्यातूनच बाहेर आणता येईल. दोरा म्हणजे कपानींचा काचधागा!

वॉशिंग्टन विद्यापीठात एरिक सायबेल आणि सहकाऱ्यांनी अशी एक गोळी केली. तिची जाडी साडेसहा मिलिमीटरच्या आत, दोरी १.४ मिलिमीटर. तिच्यात कॅमेरा नाहीच. एकच काचधागा आहे, आणि त्याचे टोक सेकंदाला सुमारे पाच हजार वेळा थरथरवतात. थरथर वाढवत नेली की धाग्याच्या टोकाचा प्रकाशबिंदू उदबत्तीच्या चक्रीसारखी सर्पिल रेघ काढतो. लाल, हिरवा आणि निळा लेसर त्यातून जातो, आणि परतणारा प्रकाश क्षणाक्षणाला मोजून संगणक चित्र जुळवतो. अंधारात पेटती उदबत्ती फिरवून तुम्ही आकार काढले असतील. हे त्याच्या उलट आहे.

पृष्ठभागाच्या खाली

बोस्टन शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गिलेर्मो टर्नी यांच्या प्रयोगशाळेने एक पाऊल पुढे टाकले. मिखालिना गोरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या मासिकात जी गोळी वर्णन केली, ती अस्तराच्या पृष्ठभागापाशी थांबत नाही. खालचे थर दाखवते. मला भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून हीच गोळी सर्वांत आवडते, तेव्हा तिच्यापाशी जरा थांबू.

खालचे थर दिसणे कसे शक्य आहे? रात्री टॉर्चवर तळहात दाबून धरा. हात लाल दिसतो. म्हणजे प्रकाश मांसात शिरतो हे नक्की, पण आत पेशींवर आपटून इतका विखुरतो की हाडाचा आकारही कळत नाही. विखुरलेल्या प्रकाशातून नेमक्या अमुक खोलीवरून परतलेला प्रकाश वेगळा काढता आला पाहिजे. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजतात. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर. एक मिलिमीटर जाऊन परत यायला सव्वा मायक्रोसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तो मोजता येतो. प्रकाशाचे काय? दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, जाऊन यायला प्रकाशाला जो वेळ लागतो, तसे पंधरा लाख कोटी वेळ एका सेकंदात बसतील. इतका सूक्ष्म काळ थेट मोजणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही.

घड्याळ नसेल तर प्रकाशाची तुलना प्रकाशाशीच करायची. एका किरणाचे दोन भाग करावेत, एक आरशाकडे पाठवावा, एक वस्तूकडे, आणि परतल्यावर दोन्ही एकत्र करावेत : ही मायकेल्सन यांची १८८१ पासूनची युक्ती. दोन्ही लाटांचे उंचवटे जुळले तर उजेड, उंचवट्यावर खळगा आला तर अंधार. याला आपण व्यतिकरण म्हणतो.

आता एक लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. चौकात पथकाचे दोन भाग होतात. दोन्ही भाग एकच ठेका धरून, एकाच चालीने दोन वेगळ्या गल्ल्यांतून जातात आणि पुढच्या चौकात पुन्हा मिळतात. ठेका साधा असेल, एक-दोन, एक-दोन, तर एक गल्ली दोन पावलांनी लांब असली काय किंवा वीस पावलांनी असली काय, मिळताना ठेका जुळलेलाच वाटेल. गल्लीची लांबी त्यावरून कळणार नाही. पण ढोलकीवाल्याने कधीही परत न येणारा, सतत बदलता ठेका धरला असेल तर? मग दोन्ही गल्ल्या अगदी सारख्या लांबीच्या असल्या तरच ताल जुळेल. एक पाऊल इकडे-तिकडे झाले की गोंधळ.

एकाच शुद्ध रंगाचा लेसर म्हणजे तो एक-दोन ठेका. अनेक तरंगलांबी मिसळलेला प्रकाश म्हणजे बदलता ठेका. असा मिश्र प्रकाश वापरला, तर आरशाचे अंतर जेवढे असेल, नेमक्या तेवढ्याच अंतरावरून परतलेला प्रकाश व्यतिकरण दाखवतो. बाकीचा नुसता गोंगाट. याचा अनुभव तुम्हांला आहेच. पावसाळ्यात एस. टी. स्टँडवरच्या डबक्यात सांडलेल्या डिझेलवर सुंदर रंग दिसतात, पण खिडकीच्या काचेवर दिसत नाहीत. काचेलाही दोन पृष्ठभाग आहेत, तिथेही किरण दोनदा परततो. पण दिवसाचा उजेड मिश्र असल्याने त्याचा ठेका मायक्रॉन-दोन मायक्रॉनपुरताच जुळतो. डिझेलचा पापुद्रा तेवढा पातळ असतो, काच नसते.

ठेका किती अंतरापर्यंत जुळेल, याचा अंदाज काढायला एक सोपे सूत्र आहे. तरंगलांबीचा वर्ग करून त्याला तरंगलांबीच्या पट्ट्याच्या रुंदीने भागायचे आणि आलेल्या उत्तराचे निम्मे करायचे. समजा तरंगलांबी १.३ मायक्रॉन घेतली आणि पट्टा ०.१ मायक्रॉनचा. १.६९ भागिले ०.१ म्हणजे १६.९, निम्मे, सुमारे ८ मायक्रॉन. एवढ्या बारकाव्याने खोली कळेल! अशी १.३ मायक्रॉनच्या आसपासची अवरक्त तरंगलांबी निवडण्याचे कारण असे की, ती दृश्य प्रकाशापेक्षा कमी विखुरते आणि पाण्यातही फार शोषली जात नाही. तरीही एक-दोन मिलिमीटरपलीकडे काही दिसत नाही. आपल्याला तर अर्धा मिलिमीटरच पाहायचा आहे.

या पद्धतीला 'ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी', थोडक्यात ओसीटी म्हणतात. १९९१ मध्ये एमआयटी या संस्थेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि इतरांनी ती प्रथम दाखवली. तुमच्या आजोबांच्या डोळ्यांचा पडदा तपासताना नेत्रतज्ज्ञांनी कदाचित हेच यंत्र वापरले असेल. आता त्यात आरसा पुढेमागे सरकवावा लागत नाही. लेसरची तरंगलांबी झरझर बदलत नेतात. मग प्रत्येक खोलीवरून येणारे व्यतिकरण वेगळ्या कंप्रतेने कमीजास्त होते. जितका थर खोल, तितकी कंप्रता अधिक. कान तयार असलेला माणूस पेटीवर एकदम दाबलेल्या चार पट्ट्यांतले चार सूर वेगळे सांगतो, तसे संगणक सगळ्या खोल्यांचे थर एका झटक्यात वेगळे करतो.

बोस्टनची गोळी सुमारे १३ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर लांब आहे. दोरी जेमतेम एक मिलिमीटरची. दोरीच्या आत काचधागा फिरत असतो आणि गोळीच्या टोकाशी तो आपला किरण आडवा, भिंतीकडे फेकतो. सेकंदाला २० फेरे. दीपगृहाचा झोत फिरतो तसा. रुग्ण बसूनच, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळतो, लाट तिला खाली नेते, आणि मग दोरीने ती हलके वर ओढतात. दोन वेळा खाली, दोन वेळा वर, एवढे सारे सुमारे सहा मिनिटांत होते. गुंगी नाही. झाल्यावर गोळी बाहेर येते, धुऊन निर्जंतुक करतात आणि पुढच्या माणसासाठी वापरतात. पहिल्या चाचणीत १३ जणांनी ती गिळली. त्यांतले सहा जण बॅरेट नावाच्या विकाराचे होते. २०१६ मध्ये तर हेच काम मोठ्या रुग्णालयाबाहेर, एका प्राथमिक दवाखान्यात करून पाहिल्याचा वृत्तांत आला.

कोणाचा रोग शोधायचा?

बॅरेटचा विकार म्हणजे काय, हे इथे सांगितले पाहिजे. कारण आपल्यासाठी खरी मेख त्यातच आहे. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे कौलारू अस्तर जाऊन तिथे आतड्यासारखे उभ्या पेशींचे अस्तर येते. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन केले. अशा अस्तरातून पुढे काही जणांना कर्करोग होतो. ओसीटीच्या चित्रात निरोगी अस्तर पापुद्र्यांसारखे थरथर दिसते. बॅरेटचे अस्तर आले की थर नाहीसे होतात आणि मध्ये ग्रंथींची भोके दिसतात. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार वाढल्यामुळे त्यांनी त्याच्यासाठी गोळी केली.

आपल्याकडे मुख्यतः वेगळा प्रकार आढळतो. तो त्या कौलारू पेशींचाच कर्करोग असतो. त्याची कारणे तंबाखू, बिडी, दारू. आमच्या विदर्भात तर गल्लोगल्ली खर्रा घोटला जातो : सुपारी, तंबाखू, चुना. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण पानटपरीवरचा खर्रा काही थांबला नाही. खर्रा फक्त तोंडाचा रोग करतो, असा अनेकांचा समज आहे. त्याचा रस शेवटी जातो कुठे? आणखी एक गोष्ट : ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये सतत पिणे अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दिला. चहा बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्या जुन्या माणसांना आपण उगाच हसतो. बशीत चहाचा पृष्ठभाग वाढतो, बाष्पीभवन वाढते, आणि मिनिटाभरात तो सहज सोसवेल इतका निवतो.

तेव्हा बोस्टनची गोळी जशीच्या तशी रिसोड-मानोऱ्याला आणून चालणार नाही. भौतिकशास्त्र तेच राहील. पण थर कसे बिघडले म्हणजे आपल्याकडचा रोग समजायचा, हे आपल्या रुग्णांच्या चित्रांवरूनच शिकावे लागेल. यासाठी तुलनेला हाताशी एक जुना, स्वस्त रंग आहे : आयोडीन. पिठुळ पदार्थाची परीक्षा तुम्ही आयोडीनने करता. अन्ननलिकेच्या निरोगी पेशींत ग्लायकोजेन असते. दुर्बिणीतून आयोडीन फवारले की त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींतले ग्लायकोजेन संपलेले असते, त्या फिक्याच राहतात. चीनच्या हनान प्रांतात लिंशियान या भागात हा रोग फार. तिथे अशा तपासणीचा मोठा अनुभव आहे. तिथल्याच डॉक्टरांनी १९६० च्या आसपास जाळी लावलेला फुगा गिळायला देऊन, तो फुगवून वर ओढायचा आणि जाळीला लागलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, अशी रीत काढली होती.

त्या फुग्याचा नातेवाईक आज इंग्लंडमध्ये गाजतो आहे. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेरल्ड यांनी दोऱ्याला बांधलेला स्पंजचा गोळा जिलेटिनच्या गोळीत कोंबला. गोळी जठरात पाचेक मिनिटांत विरघळते, स्पंज तीन सेंटीमीटरचा होतो, आणि वर ओढताना अस्तराच्या पेशी खरवडून आणतो. ना लेसर, ना संगणक. काम परिचारिका करते. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत प्राथमिक दवाखान्यांमधल्या १३ हजारांवर लोकांचा समावेश होता. स्पंज देऊ केलेल्या गटात बॅरेटचे १४० रुग्ण सापडले, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटात १३. भौतिकशास्त्रवाल्याला हे कबूल करणे जड जाते, पण खेड्याच्या दवाखान्यात दोरा आणि स्पंज लेसरला भारी पडू शकतात. स्पंज मात्र रोग नेमका कोणत्या जागी आहे ते सांगत नाही, गोळी सांगते.

हजारातले दहा

नवी तपासणी आली की ती चांगलीच, असे आपण धरून चालतो. आपल्याच महाराष्ट्रात याची मोठी परीक्षा झाली आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन चाळणी तपासण्या पारखल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, काही विशेष न केलेल्या जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. उरलेल्या दोन तपासण्यांनी, ज्या तोवर चांगल्या समजल्या जात होत्या, मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखी घट दाखवली नाही. काम करायला लागली आठ वर्षे आणि ५२ ठिकाणच्या बाया-माणसांचा विश्वास. गिळायच्या गोळीलाही याच वाटेने जावे लागेल.

आता एक गणित करू. एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३० हजार लोकवस्ती असते. समजा त्यातल्या तंबाखू खाणाऱ्या हजार प्रौढांना गोळी दिली, आणि त्यांपैकी दहा जणांच्या अस्तरात खरोखर बिघाड आहे. गोळीची परीक्षा शंभरात नव्वद वेळा बरोबर येते, असे धरा. दहांपैकी नऊ सापडतील. ठीक. पण निरोगी ९९० पैकी शंभरात दहा चुकून संशयित ठरतील. ते झाले ९९. म्हणजे दवाखाना १०८ जणांना सांगेल, "तुमचे काही बरोबर दिसत नाही," आणि त्यांतले नऊच खरे. या १०८ जणांना आता खरी दुर्बीण पाहिजे, आणि ती लवकर पाहिजे; नाहीतर ९९ घरांत नुसता घोर लागेल. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मानोऱ्याच्या केंद्रात गोळी द्यायची असेल, तर वाशीमच्या दुर्बिणीच्या खोलीत आठवड्याला किती जणांची सोय होते, हा आकडा आधी हातात हवा.

आता वाचकांसाठी दोन प्रश्न.

वरच्या गणितात परीक्षा निरोगी माणसांच्या बाबतीत शंभरात ९० ऐवजी ९९ वेळा बरोबर आली, तर किती जणांना विनाकारण वाशीमला जावे लागेल? आणि त्याच परीक्षेत आजारी माणसांच्या बाबतीत ९० चे ८० झाले तर हा सौदा परवडेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात येणार नाही, तेव्हा वर्गात वाद घालावा.

दुसरा प्रश्न : गोळीतला किरण सेकंदाला २० फेरे घेतो. समजा आपण ती सेकंदाला ३ मिलिमीटर वेगाने वर ओढली. लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर पडेल? २५ सेंटीमीटर अन्ननलिका पाहायला किती सेकंद लागतील, आणि एकूण फेरे किती होतील? दोरी ओढणाऱ्याचा हात मध्येच दुप्पट वेगाने गेला, तर चित्रात काय बिघडेल, तेही सांगा.